'नॉट डिटेक्टेड'चं 'निरंक' करावं का?

सुरंगी: कोर्टात द्यायच्या एका व्हिसेरा अहवालाचं मराठी भाषांतर करतेय. मुलगा २३ वर्षांचा. पार्टीहून आला, झोपला, सकाळी उठलाच नाही. अहवालात द्रव्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येकापुढे 'नॉट डिटेक्टेड'. मी लिहिलं 'आढळून आले नाही'. वकिलांच्या कारकुनांनी ते खोडून सगळीकडे 'निरंक' केलं. सरकारी कागदावर हेच चालतं म्हणाले. मला खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाही.

जुना टेबल: ३१ वर्षं कचेरीत काढली. मासिक तक्त्यात कळवण्यासारखं काही नसलं तरी रकाना मोकळा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. मोकळ्या रकान्यात मागाहून कोणीही काहीही भरू शकतो. चांगला, घट्ट शब्द आहे. कारकुनांचं चुकलेलं नाही.

पिंपळपान: निर् अधिक अंक. पण अंक म्हणजे आकडाच नव्हे, डागसुद्धा. म्हणून चंद्र मृगांक, शशांक. त्या हिशेबाने निरंक म्हणजे डाग नसलेला. कोर्टाच्या कागदावर हा अर्थ डोकावला तर?

जुना टेबल: कोणाच्याही डोक्यात चंद्र येणार नाही. निरंक म्हणजे शून्य.

काचनळी: तोच तर घोटाळा आहे, काका. मी या तपासण्या २० वर्षं केल्या. 'निरंक' म्हटलं की तिथे काहीच नव्हतं. 'आढळले नाही' म्हणजे जे शोधलं ते सापडलं नाही. कृत्रिम नशेच्या द्रव्यांत या फरकावर सगळं अवलंबून असतं. युरोपात 'स्पाइस'च्या पुड्या धुपाच्या नावाखाली विकल्या जायच्या. त्यांत जेडब्ल्यूएच-०१८ हे कृत्रिम द्रव्य आहे हे जर्मनीत २००८च्या डिसेंबरात उघड झालं. नशा गांजासारखी, पण रेणूची ठेवण निराळी, म्हणून गांजासाठीची लघवीची पट्टी त्याला ओळखत नाही. शिवाय शरीर ते इतकं मोडतं की लघवीत मूळ द्रव्य जवळपास नसतंच, त्याचे अवशेष हुडकावे लागतात. यंत्र रेणूचं वजन सांगतं. ते वजन कोणाचं हे छातीठोकपणे सांगायला त्या द्रव्याचा शुद्ध नमुना हाताशी लागतो. आपल्याकडचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आणि ३-एमएमसी यांचं रेणुवजन एकच. फक्त एक मिथिल गट शेजारच्या घरात सरकलेला.

आणि एमडीच्या जातीची द्रव्यं रक्तात टिकत नाहीत. बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड घातलं नाही, नमुना उन्हाळ्यात फ्रीजबाहेर राहिला, की विरून जातात. लाखेचं सील शाबूत, सह्या जागच्या जागी, आणि आत शोधायला काही उरलेलं नाही. तिथे 'निरंक' लिहायला माझा हात धजणार नाही.

सुरंगी: खाली एक टीपही आहे, 'न्यू सायकोॲक्टिव्ह सबस्टन्सेस'ची तपासणी केलेली नाही अशी. तिथे मी 'नवीन अमली पदार्थ' लिहिलंय.

काचनळी: 'नवीन'ही फसवं आहे. मेफेड्रोन १९२९मध्येच बनवलं गेलं होतं. आपल्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं २०१५मध्ये. यातला 'न्यू' म्हणजे बाजारात नव्याने आलेलं.

तळेकाठी: मग 'नव्याने प्रचलित' लिहा. आणि 'अमली' नको. कायद्याच्या नावातच शब्द आहे, 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ'. लांब आहे, पण नेमका आहे. त्याच नावातलं 'गुंगीकारक' मात्र इथे चालणार नाही. एमडीने गुंगी कुठली, झोप उडते.

पिंपळपान: अमली की अंमली? माझी पणजी गिरणीत जाताना तान्ह्याला बाळगोळी द्यायची. अफूच असायची त्यात. संध्याकाळी येऊन म्हणायची, "अजून अंमल हाय, उठवू नगा." आजी हे सांगताना अनुस्वार स्पष्ट उच्चारायची. मी तरी 'अंमली'च लिहिणार.

तळेकाठी: मूळ अरबी शब्द अमल, त्यात अनुस्वार नाही. वर्तमानपत्रंही 'अमली पदार्थविरोधी पथक' छापतात.

पिंपळपान: तीच वर्तमानपत्रं 'अंमलबजावणी' छापतात. शब्द एकच ना?

सुरंगी: उद्या सकाळी द्यायचंय. 'तपासलेल्या द्रव्यांपैकी हे आढळले नाही' असं केलंय. त्याची बहीण वाचणार आहे ते, तिला इंग्रजी येत नाही. कारकून म्हणतात, रकान्यात मावत नाही.

जुना टेबल: रकाना रुंद करा, ताई. आम्हीसुद्धा करायचो. पण निरंकला शून्याखेरीज दुसरा अर्थ नाही, हे माझं म्हणणं कायम.

काचनळी: टिपेतलं वाक्य तक्त्याच्या वर घ्या, खाली कोणी वाचत नाही.

तळेकाठी: भाषांतरात टीप जागची हलवता येत नाही हो. मुळात जिथे आहे तिथेच ठेवावी लागते.

पिंपळपान: आणि पोलीस ठाण्यातल्या पाटीवर 'ठाणे अंमलदार' असतं, त्याचं काय?