गायतोंडेंच्या चित्रातला पोत येतो कुठून? माझा कॅनव्हास पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा दिसतोय

रंगखुळा:
नमस्कार मंडळी. वर्षभर हौसेनं अॅब्स्ट्रॅक्ट (अमूर्त) चित्रं करतोय, कुठे शिकलेलो नाही, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जमेल तसं. वासुदेव गायतोंडेंची चित्रं मोबाईलवर बघून बघून वेड लागलंय, खास करून ती उभी, पिवळ्या-केशरी नाहीतर राखाडी रंगाची, मधेच काहीतरी न वाचता येणाऱ्या लिपीसारखं तरंगतंय आणि बाकी सगळा भाग असा की जुन्या पितळेच्या परातीवर डाग चढलेत. तसा पोत पाहिजे म्हणून मी मॉडेलिंग पेस्ट (कॅनव्हासवर जाड थर द्यायची लुकणासारखी पेस्ट) आणली, अडीच बाय तीनच्या कॅनव्हासवर सुरीनं थापली, थोडी चाळलेली वाळूही मिसळली, वाळल्यावर अॅक्रिलिकचे तीन हात. बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "पुट्टीचा दुसरा हात कधी मारणार?" हसू नका. पेस्ट कमी पडली, जास्त झाली, की रंगच चुकला? आणि आता या कॅनव्हासचं काय करू, टाकवत नाहीये.

तेलपाणी:
हसलो, माफ करा. पण वहिनींनी नेमकं बोट ठेवलंय.

तुमची गडबड पेस्टच्या प्रमाणात नाहीये, दिशाच उलटी आहे. तुम्ही पोत चढवायला गेलात आणि गायतोंडेंचा पोत बराचसा काढण्यातून आलाय. ते ऑइलमध्ये काम करायचे, रंग पातळ करून रोलरनं पसरायचा, पॅलेट नाइफनं ओढून काढायचा, परत पसरायचा. शिवाय वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून कापून ओल्या रंगावर ठेवायचे, वरून रोलर दाबायचा आणि कागद उचलायचा. कागदाबरोबर वरचा रंग उचलला जातो आणि खालचा थर उघडा पडतो. तुम्हाला जी लिपी वाटतेय ना, त्यातले बरेच आकार असे उचलून काढलेले आहेत, ब्रशनं लिहिलेले नाहीत. म्हणून त्यांची कड अशी विरलेली दिसते, ब्रशची कड वेगळी असते.

आता हे अॅक्रिलिकमध्ये तसंच्या तसं का होत नाही? अॅक्रिलिक पातळ लावलं की दहा-वीस मिनिटांत वाळतं, तुम्ही कागद फाडेपर्यंत खेळ खलास. ऑइलचा थर वाळायला दिवस लागतात, त्यामुळे पुसायला, खरवडायला, जरा लांब जाऊन बघायला, परत येऊन पुसायला वेळ मिळतो. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून अॅक्रिलिकला थोडं थोपवता येतं पण थोडंच.

तुमचा कॅनव्हास टाकू नका. अॅक्रिलिकवर ऑइल चालतं (ऑइलवर अॅक्रिलिक नाही हं, पापुद्रे सुटतात). आधी पॉलिश पेपरनं उंचवटे घासा, तोंडाला मास्क लावून, ती धूळ वाईट. मग एकच गडद रंग टर्पेंटाईनमध्ये चहाइतका पातळ करून सगळीकडे चोळा आणि लगेच फडक्यानं पुसा. खळग्यात रंग राहील, माथ्यावरून निघून जाईल. त्यावर पुढचे थर, खालच्यात टर्पेंटाईन जास्त आणि वर जाल तसं तेल जास्त, उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

खिडकी उघडी ठेवा. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

शाईचा_डाग:
तेलपाणी, +१. एकच जोडते. रंगखुळा, तुम्ही मोबाईलवर बघताय हाच अर्धा घोटाळा आहे. मी पहिल्यांदा त्यांचं मूळ चित्र समोर उभं राहून पाहिलं तेव्हा खरं सांगते थोडी निराशच झाले, कारण फोटोवरून मला वाटलेलं की जाड जाड खपली असेल, हात फिरवला तर खरखरीत लागेल. जवळ गेले तर पृष्ठभाग पुष्कळ ठिकाणी अगदी पातळ, कॅनव्हासची वीण दिसेल इतका, मधेच रंगाचा एखादा पट्टा उचललेला, त्याच्या कडेला रंग जमून केसाएवढी रेघ उभी राहिलेली. मग बाजूला सरकून भिंतीला जवळजवळ गाल लावून बघितलं (गार्ड खाकरला) तेव्हा त्या सगळ्या रेघा एकदम वर आल्या. समोर येऊन बघावं तर पुन्हा धुकं. म्हणजे पोत डोळ्याला आहे, हाताला जवळपास नाही. तुम्ही हाताला लागणारा पोत केलात आणि त्याच्याकडून डोळ्याच्या पोताचं काम मागताय.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. प्रदर्शन बदलत असतं, तेव्हा आधी विचारून जा. पण जाच.

चौकटमोड्या:
सगळे एकदम गायतोंडेभक्त झालात म्हणून जरा मीठ टाकतो. जाड पोत म्हणजे चूक, पातळ म्हणजे साधना, हे कोणी ठरवलं? स्पेनचा चित्रकार तापिएस घ्या, रंगात संगमरवराची पूड मिसळायचा, मग त्यावर ओरखडे, खुणा, आणि त्याचं चित्र भिंतीसारखंच दिसतं, मुद्दाम! इटलीचा बुरी मुळात डॉक्टर, त्यानं गोणपाट शिवून कॅनव्हास केले, प्लास्टिक जाळलं. आपल्याकडे चित्रकार एस. एच. रझांची फ्रान्समधली पन्नास-साठच्या दशकातली लँडस्केपं बघा, त्यांच्या प्रसिद्ध बिंदू-चित्रांच्या आधीची, रंग कसा लोण्यासारखा लावलाय. म्हणजे वहिनींना भिंत दिसली यात वाईट काय? वाईट हे की भिंतीवर काही घडलेलं नाही. तापिएसच्या भिंतीवर कोणीतरी नखं मारून गेल्यासारखं वाटतं, तुमची भिंत नव्या फ्लॅटची आहे.

आणि दुसरं, गायतोंडेंची टेक्निक उचलून गायतोंडे होत नाही राव. तो माणूस वर्षाला मोजकीच चित्रं करायचा, बाकी वेळ नुसता बसून विचार. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते. आपण शनिवारी पेस्ट आणतो आणि रविवारी संध्याकाळी फोटो टाकायचा असतो.

तेलपाणी:
चौकटमोड्या, शेवटचं पटलं, पण "टेक्निक उचलून काय होतं" हे नाही पटलं. हातानं केल्याशिवाय कळत नाही की तो माणूस कुठे थांबला. गायतोंडे स्वतः मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ ला बाहेर पडले, सुरुवातीला बसोलीची (पहाडी शैलीतली) लघुचित्रं, युरोपातला चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव सरळ दिसतो त्यांच्या कामात, मग हळूहळू आकार सुटत गेले. एकदम ध्यान लावून पोत नाही आला. आणि त्यांना "अॅब्स्ट्रॅक्ट" हा शब्दही मान्य नव्हता, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं. हा शब्दांचा कीस नाहीये. अॅब्स्ट्रॅक्ट म्हटलं की कशाचं तरी अॅब्स्ट्रॅक्ट, डोंगराचं, समुद्राचं. रंगखुळांच्या डोक्यात "परातीवरचे डाग" आहे, म्हणजे ते परात काढायला निघालेत आणि वाळू घालून बसलेत :)

हळद_कुंकू:
मला चित्रातलं काही कळत नाही पण २०१५ ला त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेलं होतं, तेव्हा पेपरात वाचून आमचे बाबा म्हणाले होते "यात काय आहे?" हा धागा वाचून दाखवला आज. म्हणाले, "बरं, मग पेपर रंगात बुडवून उचलायचा एवढंच ना." चालू द्या.

रंगखुळा:
सगळ्यांचे आभार, हळद_कुंकूंच्या बाबांचे विशेष.

अपडेट देतो. परवा घासून काढला, दोन तास गेले, वाळूचं मिश्रण कुठल्या मुहूर्तावर सुचलं होतं देवजाणे. गडद तपकिरी पातळ करून चोळला, पुसला. इथंच पहिल्यांदा बरं वाटलं, चित्र म्हणून नाही, पण काहीतरी जुनं झाल्यासारखं. तो थर हाताला लागेनासा झाल्यावर काल रात्री पिवळा मातकट रोलरनं फिरवला, पेपरचे तुकडे ठेवले, दाबले, उचलले. पहिले तीन तुकडे फुकट, रंग फारच पातळ होता, कागदानं सगळा पिऊन टाकला आणि खाली नुसता ओला डाग. चौथ्याला रंग जरा घट्ट घेतला आणि कागद सरळ वर न उचलता एका कडेनं सोलत आणला, तर शाईचा_डाग म्हणतात ती केसाएवढी रेघ आली! खरंच आली, टॉर्च बाजूनं मारून बायकोला दाखवली.

आता प्रॉब्लेम असा की टर्पेंटाईननं पेपरची शाई सुटली आणि उजव्या कोपऱ्यात छापील अक्षरं उलटी उमटलीत. आरशात वाचलं तर "हवामान" आणि पुढे अर्धवट "अंदा". पुसू का?

शाईचा_डाग:
ओलं आहे तोवर फडकं लांब ठेवा. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा चित्र, मग बघा आधी नजर कुठे जाते ते. अक्षरांवरच गेली तर पुसा.

चौकटमोड्या:
मी असतो तर "ज" पण उमटवला असता.