बचत गटानं घरात काय बदललं? खरं खरं सांगा

नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडून पाहिले, तिथून हे प्रकरण वाढलं. योजनांची माहिती हवी तेवढी मिळते, इथे ती नको. पैसा आल्यावर घरात शब्द कोणाचा चालला, ते लिहा. कडू असलं तरी.

सांजवात
आमचा गट अकरा जणींचा. महिना शंभर रुपये बचत, बैठकीला उशीर केला की दहा रुपये दंड. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, इतका आमचा एकमेकींवर विश्वास! दहावी झालेली मी एकटीच, म्हणून सचिव. व्याज शेकडा दोन रुपये महिना ठेवलं; सावकार पाच घ्यायचा.

पहिलं कर्ज कुणाला द्यायचं यावर दोन तास खल चालला. एकीला शेळी, एकीला पोराची फी, एकीला बियाणं. पेटीत पैसे एकीपुरतेच. शेवटी शेळीवालीच म्हणाली, "पेरणी थांबत नाही बाई. माझी शेळी दिवाळीत बघू." ठराव मी वहीत लिहिला. त्यावर सात सह्या, चार अंगठे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंगठा एकच उरला. त्या आजींना पाटीवर नाव गिरवायला दिलं तर म्हणाल्या, "अंगठा बरा, चुकत नाही."

निवृत्त कारकून
मी बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो. गटाचं खातं म्हणजे कटकट, असं आम्ही मानायचो, कबूल करतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री. आम्ही आधी मागायचो ती वही. ती चोख असली की बिनतारण कर्ज. खटकायचं एकच: सही करायला आत बायका, नोटा मोजायला बाहेर नवरे.

गोधडी
त्यातलाच एक आमच्या घरचा. माझ्या नावचे पन्नास हजार त्यांच्या मोटरसायकलला गेले, हप्ते मी मजुरीतून फेडले. दोन थकले तेव्हा गटातल्या बायका दारात येऊन बसल्या. अस्सा राग आला! पण एकीचं थकलं की सगळ्यांचं पुढचं कर्ज अडतं, त्या तरी काय करणार? दुसऱ्यांदा शिलाई मशीनसाठी उचल घेतली, तेव्हा चेक थेट दुकानदाराच्या नावे काढा, ही अट मीच घातली.

रानजाई
मसाल्याच्या धंद्यात आम्ही आपटलो. ज्या गटाला बघावं तो पापड-मसालेच करतो, मग घेणार कोण? मुंबईला महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात माल हातोहात गेला, गावी आल्यावर पुन्हा डबे भरलेलेच. पॅकिंग शिकवायला सगळे येतात, गिऱ्हाईक कुणी आणून देत नाही.

पारावरचा
मी आईचं सांगतो. आमच्याकडे दारूच्या दुकानावर मतदान झालं, उभी बाटली की आडवी. दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या फायद्याची. आईच्या गटानं यादी घेऊन घरं वाटून घेतली, माहेरी गेलेल्या सुनांनाही फोन करून बोलावून घेतलं. बाटली आडवी झाली.

दुकान आता शेजारच्या गावात, चार किलोमीटरवर. वडील सायकलनं जातात.