टायमरटास्कच्या रन मेथडला पॅरामीटर कसा द्यावा? सल्ला हवा

मंडळी, प्रत्येक ग्राहकाला ठरल्या वेळी आठवण पाठवायची आहे. जावाचा टायमर वापरतोय; प्रत्येक आठवण म्हणजे एक टायमरटास्क, वेळ झाली की त्याची रन मेथड चालते. रन मेथड तर काहीच घेत नाही, मग ग्राहक क्रमांक आत कसा न्यायचा? सध्या तो स्टॅटिक (सगळ्या ऑब्जेक्टना सामाईक) व्हेरिएबलमध्ये ठेवलाय. एका ग्राहकाला ठीक चालतं, पण तिघांचे टास्क लावले की तिन्ही आठवणी तिसऱ्यालाच जातात.

प्रतिसाद १
स्टॅटिक आधी काढा. तिन्ही टास्क एकाच डब्यात बघताहेत आणि ते चालेपर्यंत डब्यात शेवटचाच क्रमांक उरतो. रनची सिग्नेचर (नाव आणि पॅरामीटर) बदलता येत नाही, पण टायमरटास्क हा क्लास आहे. तो एक्स्टेंड करा, क्रमांकासाठी प्रायव्हेट फायनल फील्ड ठेवा, कन्स्ट्रक्टरमध्ये भरा, रनमध्ये वाचा. दर ग्राहकाला नवा ऑब्जेक्ट करा. तोच ऑब्जेक्ट पुन्हा शेड्यूल केलात तर इल्लीगलस्टेटएक्सेप्शन येईल.

प्रतिसाद २
नवीन कोड असेल तर मी शेड्यूल्डएग्झिक्युटरसर्व्हिसच सुचवेन (ठरल्या वेळी कामं चालवणारी जावाचीच दुसरी सोय), जावा ५ पासून आहे. टायमरटास्क ॲबस्ट्रॅक्ट क्लास असल्यामुळे तिथे लॅम्बडा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) चालत नाही. एग्झिक्युटरमध्ये चालतो आणि बाहेरचं व्हेरिएबल सरळ आत वापरता येतं. फक्त त्याची किंमत नंतर बदलायला नको. साध्या फॉर लूपमधला आय म्हणूनच कंपायलर अडवतो, फॉर-ईचमधला ग्राहक मात्र चालतो.
शिवाय टायमरचा थ्रेड एकच. एका टास्कमधून एक्सेप्शन निसटलं की तो थ्रेड मरतो आणि बाकीच्या सगळ्या आठवणी अडकतात.

धागाकर्ता
कन्स्ट्रक्टरने काम झालं, मनापासून आभार! आता सोबत संदेशांची लिस्टही देतोय, पण रनमध्ये ती रिकामी मिळते. लूपमध्ये प्रत्येक ग्राहकानंतर ती क्लिअर करतो, त्यामुळे असेल का?

प्रतिसाद १
त्यामुळेच. टास्कला लिस्टची प्रत नाही, रेफरन्स मिळाला; तुम्ही इकडे क्लिअर केलं की तिकडेही रिकामी. कन्स्ट्रक्टरमध्येच लिस्ट.कॉपीऑफ करा (जावा १० पासून), जुन्या आवृत्तीत न्यू ॲरेलिस्टला ती लिस्ट द्या.
मात्र एक आधी ठरवा: टास्क लावतानाची माहिती हवी की टास्क चालतानाची? ग्राहकाने मधल्या काळात ईमेल बदलला तर जुन्या पत्त्यावर आठवण जाऊन उपयोग नाही. अशा वेळी फक्त क्रमांक आत द्या आणि पत्ता रनमध्ये डेटाबेसमधून काढा.

प्रतिसाद ३
एग्झिक्युटरकडे वळणार असाल तर तिथेही सांभाळा. शेड्यूलॲटफिक्स्डरेटने (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा) लावलेल्या टास्कमधून एक्सेप्शन बाहेर पडलं, तर त्या टास्कच्या पुढच्या फेऱ्या गुपचूप थांबतात, लॉगमध्ये एक ओळही येत नाही. रनच्या आत सगळं ट्राय-कॅचमध्ये घ्या आणि कॅचमध्ये ग्राहक क्रमांकासकट लॉग करा.