वणव्यात उतार जळला. पावसाआधी माती कशी धरायची?

उतारकरी
घाटमाथ्यावरचा 2 एकर उतार, निम्मा कुसळी गवताचा, निम्मा झाडीचा. मार्चअखेर वणव्यात जळला. पाणी ओतलं तर थेंब घरंगळतात. माती मेणचट झाली असेल तर नांगरून तो थर फोडावा का? जेसीबीने समतल चर मारायचाही विचार आहे.

माती_पाणी
नांगर नको! आधी राख बाजूला सारून उघड्या मातीवर थेंब टाका, मग 1, 2 आणि 3 सेंमी खरवडून पुन्हा. अशा 10-12 जागा बघा. 5 सेकंदांत जिरला तर मेणचटपणा नाही.

पाचोळ्यातल्या मेणासारख्या पदार्थांची वाफ होते आणि ती खालच्या थंड मातीच्या कणांवर बसते. साधारण 175-200 अंशांना हा थर घट्ट होतो, 280च्या पुढे मोडू लागतो. गवताची आग पळती असते, 2-3 सेंमीखाली माती फारशी तापत नाही. त्यामुळे थर सापडलाच तर झाडांखाली, जिथे पाचोळा किंवा ओंडका धुमसत राहिला तिथे.

गवताच्या भागात खरा घात उघड्या जमिनीने होतो. थेंबांच्या माऱ्याने कण सुटतात, राखेसकट छिद्रांत बसतात, पापडी धरते आणि पाणी वरून पळतं. नांगराने गवताची जिवंत ठोंबं उपटली जातील. सध्या माती त्यांनीच धरली आहे.

चरवाला
सहमत. कॅलिफोर्नियातलं माँटेसिटो पाहून लोक घाबरतात (डिसेंबर 2017चा वणवा, 9 जानेवारी 2018च्या पावसात चिखल-दगडांचा लोंढा, 23 बळी), पण तिथली झुडपं तेलकट, डोंगर फार उभे. आपल्या गवताळ उताराला तेच माप लावू नये.

भाताचा पेंढा एकरी 800 किलो पसरा. 60-70 टक्के जमीन झाकली की पुरे. जाड थराखाली कोंब दबतात. वाऱ्याने उडू नये म्हणून वर जळक्या फांद्या टाका. फार आधी पसरला तर पुन्हा पेटायची भीती, उशीर केला तर वळीव गाठतो. म्हणून ओघळींच्या माथ्यापासून आणि सगळ्यात उभ्या भागापासून सुरुवात करा.

जळके ओंडके समपातळीत आडवे ठेवायचे तर 10 सेंमी खाचेत बसवा आणि वरच्या अंगाने माती ठोका. नुसते ठेवले तर पाणी खालून वाट काढतं.

उतारकरी
आणि चर?

चरवाला
यंदा नको. सुटी माती आणखी वाढेल, पहिल्याच सरीत चर राख-गाळाने भरेल. पातळी थोडी चुकली तरी पाणी सखल टोकाला साचून तिथेच फुटतं आणि नवी ओघळ पडते. छोट्या ओघळींत अनघड दगडी बांध घाला, पण मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवा. नाहीतर पाणी बगलेने काठ कापतं.

माती_पाणी
गवत नीट फुटेपर्यंत शेळ्या आत सोडू नका. खाली विहीर असेल तर पहिल्या पावसाची राख आत जाऊ नये म्हणून वरच्या बाजूने आत्ताच मातीचा वरंबा घाला.