गृहभेट कार्यकर्त्या: वर्गातले दिवस वाढवायचे की सोबत घरी जायचं?

उंबरठा (धागाकर्ती)

लहान मुलं असलेल्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम सुधारायचं म्हटलं की ठरलेला ठराव येतो: प्रशिक्षणाचे दिवस वाढवा. माझं मत उलटं आहे. वर्गातले दिवस निम्मे करा आणि वाचलेला पैसा अनुभवी माणसाने तिच्यासोबत घरी जाण्यावर घाला.

वर्गात सगळ्यांना तोंडपाठ असतं की आपण बाळाशी खेळायचं नाही, आईला खेळू द्यायचं. रोल प्लेला टाळ्याही पडतात. प्रत्यक्ष घरी टीव्ही चालू असतो, मोठं भावंड मध्येमध्ये लुडबुडतं, आई कपड्यांच्या घड्या घालत असते. कार्यकर्ती पिशवीतून ठोकळे काढते आणि स्वतःच मनोरा रचायला बसते. बाळ खूश. आई मागे सरकून भिंतीला टेकते. भेट 'छान झाली' अशी नोंद होते आणि आईने एका ठोकळ्यालाही हात लावलेला नसतो! कार्यकर्तीचं सगळं लक्ष बाळाकडे, त्यामुळे तिला हे कळतच नाही. शेजारी बसलेल्या माणसाला लगेच कळतं, आणि परतताना वाटेत सांगताही येतं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यात दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन त्या बाईच्या नोंदी तपासत आणि चुका दुरुस्त करत. प्रशिक्षणाचं कौतुक सगळे करतात, या पंधरवड्याच्या फेरीबद्दल कोणी बोलत नाही.

खडूफळा

साफ असहमत. मी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम बांधतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे असं समजून वाचा.

अमेरिकेत डेन्व्हरमध्ये संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांच्या गटाने गृहभेटींचा एकच कार्यक्रम दोन प्रकारच्या लोकांकडून राबवून पाहिला. काही कुटुंबांकडे परिचारिका गेल्या, काहींकडे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या कार्यकर्त्या. या दुसऱ्या गटाला पर्यवेक्षण परिचारिकांच्या दुप्पट होतं. २००२ साली निकाल आले तेव्हा बहुतेक बाबतींत त्यांचा परिणाम परिचारिकांच्या साधारण निम्माच होता. म्हणजे तुम्ही मागताय ते दुपटीने देऊनही पायाची उणीव भरली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय प्रत्येक गोष्ट सोबत जाऊन शिकवता येत नाही. बाळ ओढून ओढून श्वास घेतंय, दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, ही लक्षणं पहिल्याच भेटीत दिसू शकतात आणि त्या दिवशी कार्यकर्ती एकटी असू शकते. ते आधीच पक्कं हवं. मुलाच्या अंगावरचा वळ पाहून काय विचारायचं, काय विचारायचं नाही आणि कोणाला कळवायचं, हेही.

उंबरठा

धोक्याची लक्षणं आधी, एकदम मान्य. त्याला हात लावा असं मी म्हटलेलंच नाही. कापायचं आहे ते 'बालविकासाचे सिद्धांत'वाल्या स्लाइड्सचं सत्र.

आणि डेन्व्हरचं पुढचं पानही सांगा ना. कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनी त्याच कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा त्या कार्यकर्त्यांच्या गटातही फायदे दिसायला लागले होते. शिवाय पर्यवेक्षण दुप्पट होतं यावरून ते कसं होतं हे कळत नाही.

पायपीट

मी स्वतः घरोघरी जाणारी. दोघांचं वाचून हसू आलं.

आमच्याकडे 'सोबत येणं' म्हणजे वरून साहेब किंवा मॅडम येणार. त्या दिवशी आम्ही मुद्दाम चांगलं घर निवडतो, आईला आदल्या दिवशी सांगून ठेवतो. एकदा बाई आल्या, मी आईला विचारलं, "बाळ हल्ली काय काय बोलतं?" आई सांगायला लागली आणि माझी नजर टॅबवर, कारण 'किती शब्द' हा रकाना शोधायचा होता. बाईंनी ते बरोबर पाहिलं. पण केलं काय? मला बाजूला करून स्वतःच आईशी बोलायला लागल्या, ते पण आवाज चढवून. नंतर महिनाभर ती आई मला विचारायची, तुमच्या मोठ्या बाई कधी येणार? माझ्या शब्दाला किंमत उरली नाही त्या घरात.

म्हणून सोबत येणाऱ्याने घरात तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम करा. बाळाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. आणि त्या दिवशीचा कागद तिच्या हजेरी-पगाराला जोडायचा नाही. नाहीतर वर्गच बरा, तिथे निदान बसायला खुर्ची मिळते.

जमाखर्च

हिशोब कोणीच मांडत नाहीये. ओल्ड्स यांच्याच कामातून उभ्या राहिलेल्या अमेरिकेतल्या 'नर्स-फॅमिली पार्टनरशिप' या गृहभेट कार्यक्रमात एका परिचारिकेकडे साधारण २५ कुटुंबं आणि एका पर्यवेक्षिकेकडे जास्तीत जास्त ८ परिचारिका असतात. दर आठवड्याला प्रत्येकीशी तासभर बोलणं, आणि अधूनमधून सोबत भेट. आता एका पर्यवेक्षिकेखाली ४० जणी असतील तर नुसतं बोलण्यातच आठवड्याचे ४० तास गेले. प्रवास कधी करणार? घरी कधी जाणार?

प्रयोगातलं यश पसरवताना इथेच गळतं. जमैकात किंग्स्टनला १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर प्रयोग सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर आरोग्य सहायक बायका जायच्या आणि आईला मुलाशी खेळायला शिकवायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. तोच साचा कोलंबियात मोठ्या प्रमाणावर वापरला. १८ महिन्यांच्या शेवटी मुलांमध्ये फरक दिसला, पण आणखी दोन वर्षांनी पाहिलं तर पुसला गेलेला. कारणं अनेक असतील. पण सरकारी योजनेत वर्ग वाढवणं स्वस्त पडतं, माणूस वाढवणं महाग, म्हणून वर्ग वाढतात. यात शिक्षणशास्त्र काही नाही.

खडूफळा

@जमाखर्च, म्हणजे माझाच मुद्दा झाला. चाळीस जणींना एकच माणूस मिळणार असेल तर जे एकदा देता येतं ते तरी नीट द्या.

जमाखर्च

तुमचा मुद्दा नाही झाला. चाळिसाचे दहा करा, हा माझा मुद्दा.

दारामागची

मी भेटी 'घेतलेली' आई. एक जण आली तर मी बोलते. दोघी आल्या, त्यातली एक कोपऱ्यात वही घेऊन गप्प बसली, तर माझी परीक्षा चालली आहे असंच वाटणार. @पायपीट, तुमचा नियम तुमच्यासाठी ठीक आहे, पण ती कोण आणि काय लिहितेय हे मला आधी सांगा, आणि नको म्हटलं तर राग धरू नका.

आणखी एक. वर्षभरात माझ्याकडच्या तिघी बदलल्या. प्रत्येकीला बाळंतपणापासूनची कथा पुन्हा सांगायची. शेवटी मी 'सगळं ठीक' म्हणायला शिकले. त्या का सोडून जातात यावर बोला की.

पायपीट

का जातात ते सांगते. पगार तुटपुंजा, तो वेळेवर नाही. तो मुद्दा वेगळा धागा खाईल म्हणून सोडते. दुसरं म्हणजे जे दिसतं ते ठेवायचं कुठे? एका घरी बाई काही सांगत होती, नवरा दारात येऊन उभा राहिला, ती लगेच म्हणाली, "लसीची तारीख कधी म्हणालात?" मी तारीख सांगितली आणि बाहेर पडले. पुढचं घर शेजारचंच. तिथे हसून ठोकळे काढायचे. फॉर्मवर यासाठी रकाना नाही आणि माझ्याच गावात मी हे कोणाशी बोलूही शकत नाही.

उंबरठा

@पायपीट ताई, पर्यवेक्षणात मला हेच हवं आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९७० च्या दशकात बाल-मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी जाऊन आई आणि बाळ दोघांसोबत काम केलं. त्या परंपरेत पुढे हे रुळलं की भेट देणारीलाही ठरलेल्या वेळी कोणीतरी ऐकून घ्यायचं: तिथे तुला काय वाटलं, मग तू काय केलंस, पुढच्या वेळी नवरा घरी नसताना कसं जाता येईल. 'गाऱ्हाणी ऐकायला वेळ नाही' म्हणून हे पहिल्यांदा कापलं जातं.

@दारामागची, संमती आधी घ्यायची, वही घरात उघडायची नाही. पटलं.

खडूफळा

ऐकून घेणं हेही कौशल्यच, ते पर्यवेक्षिकेला कोण शिकवणार? तिला तर बढती मिळाली म्हणून त्या खुर्चीत बसवलेलं असतं. माझे चार दिवस कापायचेच असतील तर कापा, पण ते पर्यवेक्षिकांच्या प्रशिक्षणाला द्या.

उंबरठा

द्या. फक्त त्यातले दोन दिवस तुम्ही वर्गाबाहेर घ्यायचे, तिच्या मागे एखाद्या घरी जाऊन.

खडूफळा

आणि घरात तोंड उघडायचं नाही, हो ना?

पायपीट

अजिबात नाही. आणि टॅब गाडीत ठेवायचा.