फ्लोरा फाउंटन मुद्दाम बघायला जाण्यासारखं आहे का?

डिचोलीची_सून
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत गोव्याहून कोकणकन्येने मुंबईला चाललोय. थिवीला गाडी पकडणार, पहाटे सीएसएमटीला उतरणार आणि हॉटेलवाला म्हणतो बाराच्या आधी रूम नाही. बरोबर सासूबाई (गुडघ्यांचा त्रास) आणि लेक, तिसरीत. लेकीने कुठल्यातरी व्हिडिओत फ्लोरा फाउंटन बघितलंय आणि तेव्हापासून तेच लावून धरलंय. आमचे हे म्हणतात ट्रॅफिकच्या मधोमध एक दगडी कारंजं, त्यात काय बघायचं. खरंच जावं का? चालत किती लांब?

मांडवी_काठ
जा बिनधास्त, आणि पहाटेच जा! फोर्टात नंतर ऑफिसची गर्दी सुरू झाली की तुमचे हे म्हणतात ते खरं ठरतं. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका, डी. एन. रोडने सरळ दक्षिणेला, आरामात चाललात तरी पंधरा-वीस मिनिटं. त्या रस्त्याला इमारतींच्या खालून कमानींचा फुटपाथ आहे त्यामुळे ऊन-पाऊस लागत नाही. सासूबाईंना नाहीच जमलं तर टॅक्सी करा, किंवा भुयारी मेट्रो आहे आता, ॲक्वा लाईन, सीएसएमटीच्या पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक, फ्लोरा तिथेच. पण सकाळची पहिली मेट्रो कधी ते बघून घ्या. कारंजं चालू असेलच असं लेकीला आधी सांगू नका, बंद दिसलं तर भोकाड पसरेल.

फोर्टात_नोकरी_घर_फोंड्यात
पाण्यापेक्षा दगड बघा असं मी सांगेन. १८६४ चं काम आहे. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी, आणि दगड तिकडचा, इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड स्टोन. डिझाईन नॉर्मन शॉ, कोरलं जेम्स फोर्सिथने. मजा म्हणजे हे इथे बसवायचंच नव्हतं, भायखळ्याला राणीच्या बागेत लावायचं म्हणून बनवलेलं. त्याच सुमारास गव्हर्नर फ्रेअरने किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली आणि चर्चगेट म्हणजे तो तटाचा दरवाजा जिथे होता तिथे हे आणून उभं केलं. खर्च ४७ हजार रुपये, त्यातले २० हजार एकट्या कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले, त्या काळचे २० हजार, विचार करा. मधे वर्षानुवर्षं कोणी ना कोणी त्यावर पांढरा रंग फासत राहिलं, तो काढून सगळी दुरुस्ती झाली आणि २०१९ च्या जानेवारीत परत खुलं केलं. काम चालू असताना खाली जुने ट्रामचे रूळ सापडले, लेकीला ते पण दाखवा, मुंबईत ट्राम १९६४ ला बंद झाली म्हणजे तिच्या आजीने कदाचित बघितली असेल.

पेडण्याचो_भुरगो
एवढं लिहिलं आणि बाजूच्या हुतात्मा स्मारकाबद्दल कोणीच बोलत नाही? मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथेच गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गेली, १ मे १९६० ला राज्य मिळालं, तेव्हा आपल्या गोव्यात पोर्तुगीज होते अजून. माझे आजोबा मुंबईला गेले की पहिले तिथे जाऊन हात जोडायचे, मग बाकीची कामं. गोवा महाराष्ट्रात जावा की नको यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणाला शिक्का मारलेला, शेवटपर्यंत तेच सांगायचे.

दोन_पानां
आणि आमच्या घरात दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा राहू दे म्हणून 😄 १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, संपला विषय. पण स्मारकाला हात मी पण जोडतो, त्यात वाद नाही. बाई, इथे राजकारण सुरू व्हायच्या आत एक सांगतो, मिंट रोडला रतनसी मुळजी जेठांची जुनी पाणपोई आहे, १८९४ ची, पंधरा वर्षांचा एकुलता एक मुलगा गेला त्याच्या आठवणीत बापाने बांधली. डिझाईन स्टीव्हन्सचं, म्हणजे ज्याने सीएसएमटी बांधलं तोच. फ्लोरापुढे लहानशी वाटेल पण मला जास्त आवडते. स्टेशनकडे परतताना वाट थोडी वाकडी केली की झालं.

डिचोलीची_सून
बाप रे, केवढी माहिती! ह्यांना वाचून दाखवलं, म्हणाले ट्रामचे रूळ बघायला येतो. सासूबाई ट्राममध्ये बसलेल्या आहेत म्हणे, लहानपणी मावशीकडे गिरगावात राहायच्या, हे आम्हाला आजच कळलं. आता एवढंच सांगा, त्यांना बसायला तिथे काही आहे का आणि चहा कुठे मिळेल?

मांडवी_काठ
कारंज्यापाशी निवांत बसायचं धरू नका. एखादं इराणी हॉटेल उघडं दिसलं की आत शिरा, बनमस्का आणि चहा, आजींचे पाय मोकळे होतील. नंतर ऊन चढायच्या आत हॉर्निमन सर्कल, तिथे बाग आहे. बागेचं गेट कधी उघडतं तेवढं तिथल्या वॉचमनला विचारा.