मदत हवी आहे: 'दररोज वधस्तंभ उचलणे' तरुण मुलांना कसं समजवायचं?

जय ख्रिस्त सगळ्यांना. ऐरोलीत आमच्या घरी रविवारी संध्याकाळी सात-आठ मुलं जमतात, काही कॉलेजची काही नुकती नोकरीला लागलेली, त्यांच्याबरोबर शिष्यत्वाचे, म्हणजे येशूच्या मागे कसं चालायचं त्याचे, धडे चालू आहेत. डोंगरावरचं प्रवचन मस्त झालं पण लूक 9:23 ला गाडी अडली, जिथे येशू म्हणतो की माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारून दररोज आपला वधस्तंभ (क्रूस) उचला. 'दररोज' हा शब्द मत्तय आणि मार्कच्या शुभवर्तमानात नाही, फक्त लूकमध्ये आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकजण महापेला नाइट शिफ्ट करून तसाच येतो, डोळे लाल, तो म्हणाला दादा, बॉसची बोलणी खाणं हाच माझा वधस्तंभ का? मी म्हटलं नाही रे, रोमन काळात तो खांद्यावर घेतलेला माणूस मरायलाच निघालेला असायचा, म्हणजे स्वतःची मर्जी मारायची. पण मग सोमवारी ऑफिसात नेमकं काय करायचं ते मला सांगताच आलं नाही, त्याचा चेहरा पडला, अजून मनातून जात नाही.

आता पुढे बुरुजाच्या खर्चाचा दाखला (लूक 14:28, बांधायच्या आधी खर्चाचा हिशोब करा) घेऊ की आधी योहान 13, जिथे येशू शिष्यांचे पाय धुतो? बायको म्हणते घमेलं-टॉवेल घे आणि खरंच पाय धू त्यांचे. कोणी असं केलंय का? मुलं अवघडतात का? प्लीज सांगा, रविवारच्या आत.